आजीला फोन दे

ता. ३ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

तुला आणि तुझ्या नवऱ्याला आशीर्वाद, आणि आमच्या मुंगीच्या दोन्ही गालांना पापे. आम्ही इकडे ठीक आहोत. ह्यांची कंबर मध्ये धरली होती. लिफ्टा दुरुस्त करताना खड्ड्यात वाकून वाकून दुसरं काय होणार? पण आता सरळ चालतात. मीही ठीक. घसा जरा बसलाय म्हणून फोन घेत नाही. ‘फोन उचलत नाहीस म्हणून नाइलाजानं कागद काळा करतेय’ हा तुझा टोमणा पोचला बरं का. पण तुझं अक्षर बघून फार बरं वाटलं. अजून तस्संच आहे, शाईत पाय बुडवून कोंबडी नाचल्यासारखं.

मुंगीची निवड झाली! पत्र मी दुकानातच फोडलं आणि वाचता वाचता टाळी वाजवली. समोर एक आजोबा भिंतीवरची अक्षरं वाचत बसले होते, त्यांना वाटलं आपली सगळी बरोबर आली. बिचारे इतके खूश झाले की त्या भरात बायकोचाही चष्मा करायला टाकून गेले.

तू लिहिलंस, ‘ताई, तू यातून गेली आहेस. पोराला परदेशी शाळेत पाठवायचं तर काय करायचं आणि काय नाही, सगळं सांग.’ अगं, मी कुठे गेले? गेला तो माझा चेंडू. मी इथेच आहे, त्याच घरात आणि त्याच चष्म्याच्या दुकानात. पण विचारलंस तर सांगते. सल्ला द्यायला मला आमंत्रण लागत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

आधी कपडे. प्रत्येक कपड्यावर तिचं नाव शिवायचं, चिकटवायचं नाही. चिकटवलेली नावं तिथल्या मोठ्या मशीनमध्ये गळून पडतात आणि मग आपलं पोर भलत्याच्याच पायजम्यात झोपतं. माप थोडंसंच मोठं घे. मी चेंडूला ‘वाढता आहे’ म्हणून भला मोठा कोट घेतला. पहिल्या दिवशीचा फोटो बघ, कोट एकटाच शाळेला निघालाय असं वाटतं. चष्मा मात्र जास्तीचा हवाच. तो माझ्याकडून, मुंगीचा नंबर तेवढा कळव.

नखं कापायला शिकव, दोन्ही हातांची. आपण कापून देतो आणि विसरतो की उजव्या हाताची कापायला डावा हात वळावा लागतो. केसांचा गुंता एकटीला सोडवता आला पाहिजे. आणि दुखलं-खुपलं तर नीट सांगता आलं पाहिजे. नुसतं ‘बरं वाटत नाही’ म्हटलं की तिथे पाणी पी म्हणतात आणि परत वर्गात पाठवतात.

विमानतळावर रडायचं नाही असं सगळे सांगतात. मी नाही रडले. दात आवळून उभी राहिले, वर हसले. चेंडू वळून वळून बघत होता आणि मी आपली हसतेय. आता वाटतं, रडले असते तर त्याला कळलं तरी असतं की आपल्याकडे रडलेलं चालतं. तू रड बाई खुशाल.

मोबाईल शाळा काढून घेते. रविवारी वसतिगृहाच्या बोळातल्या फोनवरून घरी बोलायचं, मागे बाकीच्या पोरांची रांग. सुरुवातीचे काही आठवडे तर तेही नाही, मुलं रुळावीत म्हणून. चेहरा दिसत नाही, नुसता आवाज. तेव्हा ‘जेवलीस का’ यात वेळ दवडू नकोस, मुलं हो म्हणतात. ‘कुणाशेजारी बसून जेवलीस’ असं विचार. हे मला फार उशिरा सुचलं.

आणि हो, निघण्याआधी पालकांची सभा असते. आमच्या वेळी एक बाई आल्या होत्या, इतक्या कडक इस्त्रीच्या की बसल्यावर मोडतील असं वाटावं. त्या म्हणाल्या, पहिल्या सत्रात मुलांना घरची वाईट बातमी कळवू नका, मूल बिथरतं. सगळे पालक माना डोलावत होते, त्यात मी सगळ्यांत जोरात. तुझ्याही सभेत कुणीतरी असं सांगेल. ऐकून घे, चहा पी आणि घरी ये. त्यांचं मनावर घेऊ नकोस.

तू शेवटी विचारलंयस, चेंडूनं आजीचं कसं घेतलं, सावरला का. त्याचं असं आहे... थांब, गिऱ्हाईक आलं.

गेलं. चष्म्याची दांडी मोडून आणली होती आणि म्हणे आपोआप मोडली. तर काय सांगत होते? हां, घर. सासूबाई गेल्यापासून घर नको इतकं मोठं झालंय. आधी चेंडू गेला आणि पाठोपाठ त्या, त्याचं सत्र धड सुरू व्हायच्या आत. तू भेटायला आली होतीस तेव्हा त्यांच्या पलंगावरची चादर मी काढली नव्हती. अजूनही धुते आणि परत घालते. तुला आठवतं, त्यांची नक्कल करून मी तुला किती हसवायचे? तो नाकातला आवाज, वाक्याचं शेपूट गिळणं, आणि सुरुवातीचं ते लांबलचक ‘हंऽ’. तू उशीत तोंड खुपसायचीस. लग्नानंतरची सगळी वर्षं मी त्या एका नकलेवर काढली म्हण ना. दिवसभर त्यांचं ऐकून घ्यायचं आणि संध्याकाळी तुला फोन करून त्यांच्याच आवाजात उतरवून टाकायचं. कुठली सून करत नाही सांग?

पण चेंडूवर त्यांचा जीव होता. मी दुकानात, हे कुठल्यातरी लिफ्टखाली, त्या पोराला वाढवलं ते त्यांनीच.

त्याचं छान चाललंय. वसतिगृहाच्या बाईंनी कळवलंय की मुलगा शांत आहे, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. तिथे थंडी फार आहे म्हणे. आजी त्याला परवाच म्हणाली, कान झाकून हिंडत जा, लबाडा.

मुंगीला म्हणावं, मावशी चष्मा पाठवतेय, फ्रेमचा रंग लाल की निळा ते तिनंच ठरवायचं. आणि तू फोन करू नकोस, पत्रच लिही.

तुझी,
ताई

•

ता. २३ फेब्रुवारी

धाकटे,

आशीर्वाद. हे पत्र एकटी असशील तेव्हा वाच.

माझ्या पत्राचं ते पान तू परत पाठवलंस, एका ओळीखाली लाल रेघ मारून. बाजूला लिहिलंस, ‘परवा? आजी?’ बास, दुसरं काही नाही. मास्तरीण ती मास्तरीणच. मी ते पान ड्रॉवरमध्ये टाकलं, काढलं, परत टाकलं. खरं सांगते, ती ओळ मी मुद्दाम लिहिली नव्हती. तुझं पान येईपर्यंत मला कळलंसुद्धा नव्हतं की मी असं काही लिहिलंय. आमच्या घरात आजी अजून बोलते, धाकटे.

चेंडूला सांगितलेलंच नाही. तू समजत होतीस, सत्र संपल्यावर सांगितलं असेल. आम्हीही तसंच ठरवलं होतं, सुट्टीत घरी येईल तेव्हा जवळ बसवून सांगू. पण सुट्टीत शाळाच त्यांना डोंगरात घेऊन गेली. मग परीक्षा आली, मग त्याला ताप आला. दर वेळी काहीतरी निघायचं आणि दर वेळी आम्ही दोघं एकमेकांना म्हणायचो, ‘राहू दे, पोराला उगाच त्रास.’

त्याचा पहिला फोन आला तेव्हा त्या गेलेल्याच होत्या. ‘आई, आजीला दे.’ मी म्हटलं, अंघोळीला गेल्यात. पुढच्या रविवारी म्हटलं, झोपल्यात. त्याच्या पुढच्या रविवारी म्हटलं, शेजारी गेल्यात. तेव्हा तो एवढ्याशा आवाजात म्हणाला, ‘आजी माझ्यावर रागावली का? मी तिला न उठवता निघालो म्हणून?’ आणि रडायला लागला. मागे रांगेतली पोरं हसत होती, मला ऐकू येत होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, ‘हंऽ, कोण? लबाड का?’

मी ठरवलं नव्हतं गं. नक्कल तयारच होती, इतक्या वर्षांची घोटलेली. तिकडून चेंडू ओरडला, ‘आजी!’ त्या दिवशी तो हसत हसत गेला.

हे आतल्या खोलीत होते, ते धावत आले. दाराशी आले तेव्हाचा त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. क्षणभर त्यांना खरंच वाटलं होतं. मग मी दिसले. ‘माझ्या आईची थट्टा आता तरी थांबव,’ म्हणाले. खूप भांडलो आम्ही. पण पुढच्या रविवारी ते दाराशी नुसते उभे राहिले. मग खुर्ची आणून बसायला लागले. एकदा फोन ठेवल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘मला एकदा हाक मार.’ मी म्हटलं, कशी? म्हणाले, ‘तशी.’ मारली. एवढा मोठा माणूस, गुडघ्यांत डोकं घालून रडला. तेव्हापासून ते मला थांबव म्हणत नाहीत.

आता तो आवाज रविवारची वाट बघत नाही. गेल्या आठवड्यात मी दुकानात एका बाईंचा नंबर काढत होते. त्यांना म्हणाले, ‘हंऽ, हनुवटी नीट टेकव, भेदरतेस काय एवढी?’ त्या ओशाळून हसल्या. मला हसू आलं नाही. तुझा फोन मी घेत नाही तो यासाठी. घसाबिसा काही बसलेला नाही. मला भीती वाटते, तू ‘ताई’ म्हणशील आणि इकडून ओ दुसरंच कुणीतरी देईल.

तरीही हे मी रेटलं असतं. तू मला ओळखतेस, मी काहीही रेटते. पण खरं दुखणं पुढेच आहे. चेंडू आजीला जे सांगतो ते मला सांगत नाही. माझ्याशी बोलताना सगळं मस्त असतं, शाळा मस्त, जेवण मस्त. मग म्हणतो, ‘आता आजीला दे.’ मी रिसीव्हर हातातच ठेवून चपला जराशा फरशीवर घासते, त्या पाय ओढत यायच्या तशा. आणि ‘हंऽ’ ऐकलं की त्या पोराचा आवाजच बदलतो.

जेवणाच्या हॉलमध्ये त्याच्या शेजारी कुणी बसायचं नाही असं पोरांनी ठरवलंय. का, ते त्यालाही माहीत नाही. तो ताट घेऊन बसला की अख्खा बाक रिकामा होतो. म्हणून तो जेवायलाच जात नाही. बूट ठेवायची एक खोली आहे, तिथे खिशात पाव घालून नेतो आणि ओल्या बुटांच्या मध्ये बसून खातो. त्या बाई कळवतात, शांत आहे. शांत असणारच! दिवसच्या दिवस तो कुणाशी बोलतच नाही. मला म्हणाला, म्हणजे आजीला म्हणाला, ‘आजी, आठवडाभर बोललो नाही की माझा आवाज कसा आहे तेच मी विसरतो. रविवारी तुझ्याशी बोललो की आठवतो. तू आहेस ना, म्हणून मी राहतोय. पण आईला सांगू नकोस हं. शपथ घे.’

आणि आजीनं शपथ घेतली.

आता कळलं का मी कुठे अडकलेय? आई म्हणून शाळेत जाऊन भांडावं, तर त्याला कळणार की आजीनं फोडलं, आणि विश्वासाचं म्हणून त्याला तेवढं एकच माणूस उरलंय. आजी नाही म्हणून सांगावं, तर ज्याला धरून पोर उभं आहे तेच हातातून काढून घ्यायचं. आणि गप्प बसावं, तर ते तिकडे बुटांच्या खोलीत वाळत चाललंय. अकरा वर्षांचं पोर गं. सगळं माहीत असून दर रविवारी मी त्याला विचारते, ‘मग, मजेत ना?’ आणि तो म्हणतो, ‘मजेत.’

अजून एक सांगते, हसू नकोस. असंच एकदा त्याला धीर देत होते, त्यांच्या आवाजात. बोलता बोलता आवाज म्हणाला, ‘तुझ्या बाबालासुद्धा पोरांनी असंच वाळीत टाकलं होतं. मग मी जायची आणि शाळेच्या फाटकाशी उभी राहायची. तो बाहेर येऊन माझ्याजवळ बसून जेवायचा.’ मला ही गोष्ट ठाऊक नव्हती. फोन ठेवून वळले तर हे खुर्चीत पांढरेफटक. ‘हे तुला कुणी सांगितलं?’ मी म्हटलं, तुम्हीच सांगितलं असेल कधीतरी. म्हणाले, ‘मी कुणालाही सांगितलेलं नाही.’ मग सासूबाईच कधी भाजी निवडता निवडता बोलल्या असतील आणि मी अर्ध्या कानानं ऐकलं असेल. तसंच असेल. मी स्वतःला तसंच सांगते.

कालच्या फोनवर मात्र चेंडू काही बोललाच नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. मागून कुणीतरी ‘आटप’ म्हणून ओरडलं. मी ‘धीर धर’ म्हणायला तोंड उघडलं आणि आवाज म्हणाला, ‘रडू नकोस. मी येते तुला न्यायला.’

ते मी म्हटलेलं नाही, धाकटे. तुझ्या गळ्याची शपथ, माझ्या मनातसुद्धा नव्हतं. तो म्हणाला, ‘खरंच? कधी?’ ‘लवकर. सामान बांधून ठेव.’ आणि फोन बंद झाला. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे.

आता ते पोर तिकडे सामान बांधून मेलेल्या आजीची वाट बघतंय. हे आज कामावर गेले नाहीत, तिकिटांच्या मागे आहेत. जाऊ आम्ही दोघं. तिसरी कुठून आणू?

तुझी,
ताई

•

ता. ६ मार्च

प्रिय धाकटे,

तुझं पत्र निघायच्या दिवशी मिळालं. तू रागावशील असं वाटलं होतं. तू फक्त लिहिलंस, ‘जा आणि त्याला आण.’ ते पत्र पर्समध्ये घेऊन आलेय.

शाळेजवळच्या एका घरात खोली घेतली आहे. खिडकीखाली बसचा थांबा आहे, समोर एक कपडे धुण्याचं दुकान, त्याच्या काचेवर सारखी वाफ धरते. संध्याकाळ झालीय. चेंडू पलीकडच्या पलंगावर झोपलाय. हे पुन्हा शाळेत गेलेत, त्याच्या वस्तू आणायला.

तो फाटकाशीच होता. वसतिगृहाच्या बाई म्हणाल्या, हल्ली वर्ग सुटले की तिथेच असतो बॅग घेऊन, आम्हाला वाटलं घरून कुणी येणार म्हणून खूश आहे. मान एवढीशी झालीय गं त्याची. आम्हाला बघून पळत आला. बाबाला बिलगला, मग मला. आणि मला धरूनच माझ्या खांद्यावरून मागे टॅक्सीकडे बघायला लागला. टॅक्सीवाल्यानं बॅग खाली ठेवली आणि तो निघायला लागला. चेंडू ओरडला, ‘थांबा, आजी उतरायची आहे!’ धावत जाऊन त्यानं मागचं दार उघडलं आणि रिकाम्या सीटकडे बघत उभा राहिला. टॅक्सीवाला आमच्याकडे बघतोय, काय करायचं त्याला कळेना. ह्यांनी पुढे होऊन दार लावलं.

खोलीवर आणलं आणि सांगितलं. गोल गोल फिरवून नाही, सरळ सांगितलं. आजी गेली. फोनवर बोलायची ती मी.

तो रडला नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिला, ओठांकडे. मग म्हणाला, ‘म्हणजे मी सांगितलेलं सगळं तुला माहीत आहे?’

मी हो म्हटलं.

‘पण तू आईला सांगणार नाही म्हणाली होतीस.’

तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. मी हाक मारली, पाठीवर हात ठेवला, तो हलला नाही. आणि मग भिंतीलाच म्हणाला, ‘आजी?’

आवाज तिथेच होता, धाकटे. अगदी दातांपाशी येऊन थांबला होता. एकदा ‘हंऽ’ म्हटलं असतं तरी पोर वळलं असतं आणि माझ्या कुशीत आलं असतं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनाही तेच हवं होतं, स्पष्ट दिसत होतं, आणि मला त्यांचा राग आला नाही. मी ओठ चावून धरले, पार रक्त येईपर्यंत. मग माझ्या या फाटक्या आवाजात म्हटलं, ‘आजी नाही रे बाळा. मी आहे.’

‘मला आजीला सांगायचंय.’

‘मला सांग.’

‘तुला माहीतच आहे सगळं.’

‘ते तू आजीला सांगितलंस. मला कुठे सांगितलंयस?’

खाली बस आली, माणसं चढली, बस गेली. मग त्यानं सुरुवात केली, भिंतीकडे तोंड करूनच, अगदी पहिल्या दिवसापासून. बुटांची खोली आली, रिकामा बाक आला. मला सगळं पाठ होतं आणि तरी ते मी पहिल्यांदा ऐकत होते. आजीला तो थोडं हसून, थोडं रंगवून सांगायचा. मला सांगताना हसला नाही. आणि काही गोष्टी त्यानं आजीलाही सांगितल्या नव्हत्या, म्हातारी घाबरेल म्हणून गाळल्या होत्या. त्या मी इथे लिहीत नाही. समोर भेटशील तेव्हा सांगेन, नाहीतर नाहीच सांगणार. त्या ऐकल्यावर हे उठले, बूट चढवले आणि शाळेत जाऊन सांगून आले की मुलगा आमच्याबरोबर घरी येतोय.

मध्येच एकदा बोलता बोलता तो थांबला आणि वळून माझ्याकडे नीट बघितलं. माझ्या आत कोण ऐकतंय ते तपासत होता बहुतेक. मी नजर हलवली नाही. मग तो पुढे सांगायला लागला. पण ते बघणं आता माझ्या मागे लागणार, मला माहीत आहे. इथून पुढे मी त्याला काहीही सांगितलं, लाडानं किंवा रागावून, तरी तो आधी तसंच बघेल.

मुंगीला पाठवू नकोस असं मी म्हणणार नाही. तिची शाळा वेगळी, ती वेगळी, तूही माझ्यासारखी नाहीस. पाठव हवं तर. पण घरात काही झालं तर तिला सांग. सत्र संपायची वाट बघू नकोस, ज्या दिवशी होईल त्या दिवशी सांग. ती तिकडे एकटी रडेल म्हणून तुझं काळीज तुटेल, ते तुटू दे. रडलेली पोर परत सापडते गं. जिच्यापासून लपवलं ती कशी सापडणार? आम्ही त्याला इतकं जपलं, इतकं जपलं, की त्यानं कुणाला सांगायचं म्हटलं तर घरात जिवंत माणूसच ठेवलं नाही.

आणि जरा वेळापूर्वीचं सांगते, म्हणजे मन मोकळं होईल. सगळं सांगून झालं, थोडं दूध प्यायला. पांघरूण घालत होते तेव्हा त्यानं विचारलं, ‘आजी कधी गेली?’ मी दिवस सांगितला.

‘म्हणजे माझ्या पहिल्या फोनच्या आधीच?’

‘हो.’

‘म्हणजे मी इथून आजीशी एकदाही बोललो नाही?’

‘नाही रे बाळा. एकदाही नाही.’

मला वाटलं, आता बांध फुटेल. मी हात पुढे करून तयार बसले होते. पण त्यानं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं, डोळे मिटले आणि शहाण्या माणसासारखा म्हणाला, ‘मग तिला यातलं काहीच कळलं नाही. बरं झालं. तिला उगाच त्रास झाला असता.’

आमचंच वाक्य गं. शब्दन् शब्द आमचा. लगेच त्याला झोपही लागली, आणि मी मघापासून त्याच्या उठण्याची वाट बघत इथे बसलेय.

मीच आहे,
तुझी ताई